जिथवर मरण ऐकू गेले

काँगो नदीच्या वरच्या अंगाला, जिथे पाणी इतके रुंद होते की समोरचा काठ झाडांचा आहे की ढगांचा हे सकाळी सांगता येत नाही, तिथे आमचे यालिसेंगा गाव आहे. बेल्जियनांचा अंमल असतानाच्या काळात या गावात बासांजा नावाचा मासेमार राहत असे. धुरावर सुकवलेले मासे आणि गावच्या बायकांनी घडवलेली मडकी घेऊन तो मोठ्या नदीला मिळणाऱ्या आडनदीने रानातल्या लोकांकडे जाई आणि कसाव्याचे कंद भरून परत येई. त्याच्याविषयी सांगण्यासारखे विशेष काही नव्हते. तो कुणाचे वाईट करीत नसे आणि कुणाच्या उपयोगीही पडत नसे. इतर पुरुष होडीत जोडीने बसत. हा एकटा जाई. जोडीदार घेतला की वाटा द्यावा लागतो, आणि वाटा दिला की पुढच्या खेपेला तो आपल्याला काय देतो याची वाट पाहावी लागते. माणसामाणसांत असे वाट पाहण्याचे नाते मुळात जडूच द्यायचे नाही, असा त्याने जणू संकल्प केला होता.

तरीही त्याला एक नाव होते, आणि ते एकट्याचे नव्हते. आमच्याकडे मुलाला तोंडी हाक मारायचे नाव कुणीही ठेवते. ढोलावरचे नाव मात्र बापच देतो, आणि तो वाटेत असला तर त्याच्या वतीने आई. गावच्या मध्यावर, गवती छपराखाली, तांबड्या लाकडाचा अखंड ओंडका एका चिरेतून पोखरून केलेला ढोल असे. त्याच्या चिरेला दोन ओठ होते, एक जाड आणि एक पातळ. आमच्या भाषेतला चढउतार त्या दोन ओठांना पुरता बोलता येई. बासांजाचे ढोलावरचे नाव असे होते: धुक्यात उतरलेला बगळा, ज्याची जाळी कधी वाळत नाहीत त्याचा मुलगा, आई वाळूच्या गावची. त्यातले पहिले पद तेवढे त्याचे. दुसरे बापाचे, तिसरे आईच्या माहेरचे. त्याला मूल झाले असते तर त्या मुलाच्या नावात ‘धुक्यात उतरलेला बगळा’ हे बापाचे पद होऊन बसले असते. माणसे अशी एकमेकांच्या नावात राहतात. ज्याला हे पसंत नसेल त्याच्याही नावात राहतात.

पूर ओसरण्याच्या दिवसांत बासांजा मडकी घेऊन आडनदीला गेला. त्याची बायको बोलुंबू तेव्हा नुकतीच गरोदर होती. काही दिवसांनी त्याची होडी गावाच्या खाली उपडी वाहत आलेली सापडली. होडीत दुसरा कुणी असता तर त्याने काहीतरी सांगितले असते, पण कुणी नव्हते. गाव वाट पाहून थकले, आणि एका पहाटे, धुके पाण्यावर असताना, कारण तेव्हा आवाज सर्वांत दूर जातो, गावचा ढोल वाजवणाऱ्या म्हाताऱ्या इसेंगेने टिपरी उचलून बासांजाचे मरण वाजवले.

आमच्याकडे मरण वाजवण्याची रीत अशी. खालचे गाव ते ऐकते. तिथला वादक लोकांना विचारतो, “पुढं आणखी कुणाला कळवायचं आहे का?” कुणी म्हणाले की पुढच्या गावात अमका आहे, तो मेलेल्याला ओळखत होता, तर वादक ते मरण पुढे धाडतो. असे ते गावागावांतून उतरत जाते, आणि जिथे पुढचे नाव कुणालाच सुचत नाही तिथे थांबते. तिथे ते नाव त्या शेवटच्या ढोलाच्या पोटात ठेवले गेले असे आम्ही मानतो. मग ते नाव त्याच्या गावात कुणी वाजवीत नाही.

बासांजा मात्र मेलेला नव्हता. होडी एका बुडालेल्या खोडावर आदळून सुटली, तो पोहून काठाला लागला, तापाने पडला, आणि रानातल्या लोकांनी त्याला आपल्या पडवीत ठेवून घेतले. त्यांचा ढोल आमची भाषा बोलत नाही. आमच्याकडचे व्यापारी तिथून येत-जात होते. त्यांच्यापैकी कुणाकडून निरोप धाडता आला असता. पण निरोप नेणाऱ्याचे उपकार होतात. बासांजाने बरे होण्याची वाट पाहिली, मग नवी होडी कोरली, आणि परत निघाला तोवर बोलुंबूचे दिवस भरत आले होते.

तो काठाला लागला तेव्हा दुपार होती. बायका पाण्यात कसावा भिजत घालीत होत्या. एकीच्या हातातली टोपली वाहून गेली तरी तिला भान नव्हते. बोलुंबूला कुणीतरी हाक मारली. ती आली, डोके भादरलेले, कपाळावर पांढरी माती, पोट पुढे.

“कुठं मेला होतास?” ती म्हणाली.

आणि आपण काय बोललो हे कळून तिला हसू आले, आणि हसता हसता ती वाळूत बसून रडू लागली.

तिचा भाऊ लोयेका मागून आला. तो गावातला सर्वांत वाचाळ माणूस. “दाजी,” तो म्हणाला, “तुमच्या सुतकात आख्खा मोठा मासा मी वाटला. जिवंत असताना तुमच्या घरी एवढा मासा कधी दिसला नव्हता. आता तुम्ही आलात, तर तो परत कुणाच्या पोटातून काढू?”

लोक हसले, पण बासांजाला कुणी हात लावला नाही. बायकांनी त्याच्यापुढे क्वांग्याची, म्हणजे पानात उकडलेल्या कसाव्याच्या पिठाची, लांबट वडी ठेवली ती डाव्या हाताने, आणि त्याला चुलीकडे पाठ करून बसवले. मेलेल्यांचा पाहुणचार असाच करतात. त्याने ते पाहिले आणि उठून तो ढोलाच्या छपराकडे गेला.

“काका,” तो इसेंगेला म्हणाला, “वाजव आता. म्हणावं, बासांजा आला.”

इसेंगे टिपऱ्यांच्या टोकांना रबराचा चीक लावीत बसला होता. “कुठल्या नावानं वाजवू?”

“माझ्या.”

“ते इथं नाही रे बाबा. ते मी खाली धाडलंय.”

“तूच धाडलंस ना? मग तूच आण.”

“मी हे नाव आत्ता वाजवलं तर खालची गावं काय समजतील? म्हातारा मेलेल्याला हाका मारतोय. उद्या मी पुराची बातमी दिली तर म्हणतील, त्याचं काय, तो मेलेल्यांशी बोलतो. ते हलणार नाहीत आणि बुडतील.” म्हाताऱ्याने टिपरी खाली ठेवली. “जिथवर तुझं मरण ऐकू गेलं तिथवर तू जा. ज्याच्यासाठी ते शेवटचं धाडलं, त्याच्यासमोर उभा राहा. त्यानं म्हणायला हवं, हा तोच. मग तिथला ढोल तुझं नाव वर धाडील, आणि ते इथं आलं की मी वाजवीन.”

“आणि तोवर पोर झालं तर?”

याचे उत्तर बोलुंबूच्या बापाने दिले. तो छपराच्या खांबाला टेकून उभा होता. “तर नाव मी देईन. बाप पाण्याखाली असलेलं पोर आजोबाचं. ते आमच्याकडं राहील, आमची होडी वल्हवील. तुझ्यावर राग नाही, जावईबापू. पण नावाशिवाय पोर कसं ठेवायचं?”

बासांजाने मनाशी हिशेब मांडला. त्याला ओळखणारी माणसे थोडी. आईचे भाऊबंद पहिल्याच गावात, यांबोलेत होते. मरण तिथेच थांबले असणार, फार तर त्याच्या पुढच्या गावात. तो त्याच दुपारी निघाला. निघताना बोलुंबूने होडीच्या टोकाला हात लावला, त्याला नाही. “लवकर ये,” ती म्हणाली. “मी पाय जुळवून बसते, किती बसवेल ते सांगता येत नाही.”

यांबोलेचा वादक जाडजूड आणि आनंदी होता. बासांजाला पाहून त्याने दोन्ही हात वर केले. “अरे बगळ्या! आम्ही तुझ्यासाठी काय रडलो! तुझी मावशी तर इतकी रडली की तिची शेळी पळून गेली.”

“इथंच थांबलं ना?”

“काय?”

“माझं मरण.”

“इथं? छे. मावशीच म्हणाली, याओफाच्या बाजारात मडकी घेऊन बसते तिला कळवा.”

याओफाला तो संध्याकाळी पोहोचला. मडकी विकणारी बाई आपल्या रिकाम्या जागेवर अजून बसली होती. तिने त्याला आपादमस्तक न्याहाळले. फार वर्षांपूर्वी तिचे एक गळके मडके परत करायला तो आला होता, आणि दोघांनी सबंध बाजार डोक्यावर घेतला होता. त्यानंतर ते एकमेकांशी बोलले नव्हते.

“तू कशाला रडलीस?” बासांजाने विचारले. त्याला खरोखरच कळत नव्हते.

“भांडण संपलं नव्हतं ना,” ती म्हणाली. “अर्धं भांडण घेऊन कुणी एकट्यानं काय करायचं? ते मडकं गळत नव्हतं हो. अजून सांगते. तुझ्या बायकोनं ते चुलीवर रिकामं ठेवलं असणार.” मग तिने नदीच्या खालच्या अंगाकडे हनुवटी केली. “पुढं गेलंय ते. मीच म्हटलं, खाली जाळी विणणारा एक जण आहे, त्याला कळू दे.”

त्यानंतरच्या प्रवासाविषयी बासांजा पुढे फारसे कधी बोलला नाही. जे बोलला ते सलग नव्हते. नदी तिथे बेटांमधून वाहते. धुके उठायच्या आधी निघाले की बेटे पाण्यावर न टेकता तरंगताना दिसतात, आणि वल्ह्याचा आवाज आपल्या होडीतून न येता मागून कुणीतरी वल्हवत असल्यासारखा येतो. तो गावाला लागे, आणि बायका डाव्या हाताने वाढत. मुले येऊन त्याच्या सावलीवर पाय ठेवून पाहत. कुठे कोणी त्याच्या नावाने रडलेले असे, कुठे कोणी केवळ मान हलवलेली असे; पण प्रत्येक ठिकाणी त्याचा एक तुकडा कुणीतरी ठेवून घेतलेला होता. जाळी विणणाऱ्याने त्याला कधी पाहिलेही नव्हते; त्याच्या बापाला बासांजाच्या बापाने एक विशिष्ट गाठ शिकवली होती, आणि ती गाठ घालताना तो ‘ज्याची जाळी वाळत नाहीत’ त्याची आठवण काढी. एका गावात एक बाई म्हणाली की तिच्या लहानपणी तो त्यांच्या काठावर उतरून काही न बोलता पावसात बसून राहिला होता, आणि घरातल्यांनी बोलावले तरी आत आला नव्हता. “आम्ही अजून त्यावर हसतो,” ती म्हणाली. “पाऊस आला की पोरांना म्हणतो, आत या, बगळा होऊ नका.”

त्याला हे काहीच आठवत नव्हते. आपण आपल्या कातडीच्या आत राहतो अशी त्याची समजूत होती. नदीकाठी इतक्या चुलींपाशी आपण इतकी वर्षे बसलेलो आहोत आणि आपल्याला कुणी विचारले नाही, याचा त्याला आरंभी राग आला. नंतर राग ओसरला, आणि मग एक वेगळीच भीती त्याला वाटू लागली. इतक्या लोकांनी त्याला मेलेले धरले होते की त्यांचे म्हणणे खोडून काढायला तो एकटा फारच थोडा होता. कधीकधी वल्हे थांबवून तो पाण्यात हात घालून पाही, पाणी थंड लागते का.

एका गावचा वादक तरुण आणि चलाख होता. बासांजाची हकीकत ऐकून तो म्हणाला, “कशाला खाली जातोस? मी इथूनच फिरवतो तुझं नाव वर. कोण बघायला येतंय? बायको अवघडलेली आहे ना तुझी?”

बासांजाने टिपऱ्यांकडे पाहिले. ती त्याच्या हाताच्या अंतरावर होती, आणि यालिसेंगा पाठीमागे वळणावळणाने लांब गेले होते.

“मग खालच्या गावांत काय राहील?” त्याने विचारले.

“खाली? खाली तू मेलेलाच राहशील.”

“आणि पोर जन्मलं की त्याची बातमी त्यांच्याकडंही जाईल.”

“जाईल. बापाचं मरण जिथवर गेलं तिथवर लेकराचं नाव जातंच.”

“म्हणजे ते अर्ध्या नदीवर माझं आणि अर्ध्या नदीवर पोरकं.”

“ते आता तुझं तू बघ,” तरुण वादक खांदे उडवून म्हणाला. “लोकांना एवढं लक्षात राहतं का?”

याच प्रश्नाचे उत्तर बासांजाला एव्हाना मिळालेले होते. तो पुन्हा होडीत बसला. निघता निघता त्याने विचारले, “इथून पुढं कुणासाठी गेलं?”

“याकोंदाच्या लिंगोमोसाठी. आमच्या प्रमुखांनीच सांगितलं, त्याला कळवा. तुझं नाव तो नेहमी काढतो.”

बासांजाने होडी पाण्यात लोटली. काठावरच्या लोकांनी नंतर सांगितले की त्याने वल्हे उलटे धरले होते आणि ते त्याला काही वेळ कळलेच नाही.

याकोंदा हे शेवटचे गाव होते. तिथे प्रमुखाच्या छपराखाली सकाळी लोक जमले. वादक ढोलापाशी उभा राहिला, आणि लिंगोमोला बोलावणे गेले. तो आला. उंच, वाळका, दात थोडे पडलेले. तो बासांजासमोर उकिडवा बसला आणि बराच वेळ पाहत राहिला. कुणी घाई केली नाही.

“लिंगोमो,” प्रमुख म्हणाला, “हा तोच का?”

“नाही,” लिंगोमो म्हणाला.

छपराखाली कुजबुज झाली. बासांजा उभा राहिला. “लिंगोमो, मी बासांजा. यालिसेंगाच्या लोकोमाचा मुलगा.”

“मी त्याला ओळखत होतो,” लिंगोमो प्रमुखाकडे वळून शांतपणे म्हणाला. “तो बासांजा कुणाकडं काही मागायला इतक्या दूर येणारा माणूस नव्हता. शेजारच्या घरी विस्तव मागायला गेला नसता तो. थंडीनं मेला असता. हा दुसराच कोणी आहे. चेहरा सारखा असेल. चेहऱ्याचं काय, माकडांचेही सारखे असतात.”

काही जण हसले. “अरे, जीव जातोय त्याचा, आणि तुला थट्टा सुचते,” एक म्हातारी म्हणाली.

“थट्टा नाही, आत्या. सगळी गोष्ट सांगतो, मग तुम्हीच ठरवा.” लिंगोमोने मांडी घातली. “पुराचे दिवस होते. माझी होडी वरच्या बेटांपाशी उलटली. मी वाळूच्या उंचवट्यावर चढलो, आणि पाणी चढत होतं. तेवढ्यात बासांजा आला, एकटा, होडी घेऊन. मी त्याला ढोलासारखं पुकारलं, पाण्यावरून पुकारतात तसं, खालच्या आणि वरच्या सुरात. धुक्यात उतरलेला बगळा, ज्याची जाळी वाळत नाहीत त्याचा मुलगा, आई वाळूच्या गावची. बाप, आई, सगळ्यासकट. पाणी माझ्या गुडघ्याला आलं होतं, तरी मी एक पद गाळलं नाही. होडी गेली. मला संध्याकाळी दुसऱ्यांनी काढलं, झाडाला लटकलेला होतो. आता मला सांगा. ज्याचं ते नाव होतं त्यानं ओ दिली नाही. मग हा आज येऊन म्हणतो ते माझं नाव आहे, मला परत द्या. कसं असेल त्याचं?”

नदीवरून वाफेच्या बोटीचा भोंगा दूरवर वाजला आणि विरला. बासांजा खाली पाहत होता. या घटनेविषयी त्याने स्वतःशी फार वर्षांपूर्वी एक निवाडा करून ठेवला होता: वारा उलटा होता, पाण्याचा आवाज मोठा होता, कुणी पुकारत होते हे ऐकू येणे शक्य नव्हते. त्या निवाड्याला कुणाची साक्ष लागली नव्हती. आताही त्याने तोच पुढे केला असता तर कुणाला तो खोटा पाडता आला नसता. पण मग तो ज्याला हाक ऐकू गेली नव्हती असा कोणी झाला असता, आणि लिंगोमो ओळखत होता तो तसा नव्हता.

“मला ऐकू आलं होतं,” बासांजा म्हणाला.

“मोठ्यानं बोल,” प्रमुख म्हणाला.

“मला ऐकू आलं होतं. पहिलं पद म्हणालास तेव्हाच मी ओळखलं, हा याकोंदाचा लिंगोमो. मी मान फिरवून समोरच्या काठाकडं बघत वल्हवत राहिलो. होडीत सुके मासे होते. तू ओला चढला असतास तर ते भिजले असते.”

“एवढंच?” लिंगोमोने विचारले.

“नाही.” बासांजा म्हणाला. “मासे पुन्हा वाळवता आले असते. पण तुला काढलं असतं तर तू जन्मभर माझ्याकडं यायचास. केळी घेऊन यायचास. तुझी बायको माझ्या बायकोला पानं धाडायची. मग मला तुझ्याकडं यावं लागलं असतं. मला ते नको होतं. मी म्हटलं, कुणीतरी दुसरं येईल आणि ते सगळं त्याच्या गळ्यात पडेल.”

मघाची म्हातारी तोंडावर पदर धरावा तसा तळहात धरून बसली होती. लिंगोमोने जमिनीवरची एक काडी उचलली, मोडली, आणि दोन्ही तुकडे बाजूला ठेवले.

“हां,” तो म्हणाला. “हा तोच. इतका हलकट दुसरा कोण असणार?”

सगळे छप्पर हसले. बासांजाही, त्याला नंतर आश्चर्य वाटले, हसला. पण लिंगोमो हसला नव्हता.

“मी माफ केलं असं म्हणत नाही,” तो म्हणाला. “ओळखलं एवढंच म्हणतो. मरण ऐकलं तेव्हा मला वाटलं होतं मी नाचेन. नाचलो नाही. जेवलोही नाही, आणि का जेवलो नाही ते कळेना म्हणून आणखी चिडलो.” तो वादकाकडे वळला. “वाजव. पुरं वाजव, एक पद गाळू नकोस.”

वादकाने टिपरी घेतली. ढोलाचा तो पहिला ठोका बासांजाला पायांत लागला. त्याचे नाव त्या लाकडातून बाहेर पडले, बापासकट, आईच्या गावासकट, आणि त्याच्यामागे एक लहान वाक्य: पाण्याखाली गेलेला नव्हता. थोड्या वेळाने, वरच्या बाजूने, इतक्या लांबून की तो आवाज आहे की आठवण हे कळू नये, तरुण वादकाच्या गावाने ते उचलले. एका बाईने केळीच्या पानावर मासा आणि लाल तेलातली भाजी आणून बासांजापुढे ठेवली. उजव्या हाताने. त्याला ते खाता आले नाही. “होडीत घेऊन जा,” ती म्हणाली, आणि पान बांधून दिले. त्याने ते घेतले.

प्रवाहाविरुद्ध ढोलावरचे नाव माणसापेक्षा फार वेगाने जाते. ते केव्हाच पुढे निघून गेले होते. बासांजा त्याच्यामागून एकेक बेट मागे टाकीत वल्हवत होता. आता तो ज्या गावाला लागे तिथे त्याच्या आधी तो नावाने पोहोचलेला असे. मुले सावलीवर पाय न ठेवता त्याच्या होडीला लोंबकळत. पावसातल्या बगळ्याच्या गावात त्याला घरात बोलावले तेव्हा तो वाकून आत गेला आणि अस्वस्थपणे, गुडघे जवळ घेऊन, सगळ्यांच्या मध्ये बसला. कुठेही त्याला थांबावेसे वाटत नव्हते. नाव यालिसेंगाला वेळेत पोहोचले की नाही हे त्याला कळायला मार्ग नव्हता, आणि नाव उशिरा पोहोचले असले तर बोलुंबूच्या बापाने आपला शब्द पाळला असणार हे त्याला ठाऊक होते. तो माणूस वाईट नव्हता, फक्त नेमका होता.

एका पहाटे तो नदीच्या मध्यावर होता. धुके इतके दाट होते की होडीचे पुढचे टोक त्याला दिसत नव्हते, आणि आपण पुढे चाललो आहोत की नदी मागे सरकते आहे हे ठरवायला काही खूण उरली नव्हती. तेव्हा वरून ढोल ऐकू आला. याओफाचा असावा. त्याने वल्हे उचलून धरले.

मुलगी, ढोल म्हणत होता. यालिसेंगाला मुलगी. वाट पाहायला लावणारी. एवढे म्हणून तो थांबला, वादक दम घेतात तसा, आणि बासांजा त्या थांबण्यात, थेंब गळणारे वल्हे हातात धरून बसला. पुढचे पद आजोबाचे असू शकत होते.

धुक्यात उतरलेल्या बगळ्याची, ढोल म्हणाला. ज्याची जाळी कधी वाळत नाहीत त्याची नात. आई बोलुंबू, उंच काठाची.

खालच्या गावाने ते त्याच्या डोक्यावरून उचलले. मग त्याच्याही खालच्याने. बातमी त्याला ओलांडून उतरत गेली, जाळी विणणाऱ्याकडे, चलाख वादकाकडे, प्रत्येक ठिकाणी थोडी बारीक होत. याकोंदाला ती पोहोचेल तेव्हा तिथे ऊन पडलेले असेल आणि लिंगोमो कदाचित काठावर असेल. त्याला ती ऐकावी लागेल, पदापदासकट. बासांजा ती अगदी ऐकू येईनाशी होईपर्यंत कान देऊन बसला. होडी तेवढ्यात बरीच मागे वाहत गेली होती. मग त्याने वल्हे पाण्यात घातले.